सान रोमानोच्या चित्रात मेलेले किती?

इतिहासात किंवा कलेच्या इतिहासात संशोधन करायचं ठरवलं की एक प्रश्न हमखास समोर येतो: चित्राला पुरावा म्हणून वापरता येतं का, आणि वापरायचं तर कसं? कागदपत्रं कशी वाचायची हे सांगणारे भेटतात. चित्र समोर आलं की मात्र आपली पंचाईत होते. एक तर आपण ‘रंगसंगती अप्रतिम आहे’ असं काहीतरी लिहून मोकळे होतो, नाहीतर चित्र म्हणजे त्या काळाचा फोटोच, असं धरून चालतो. सिनॉप्सिसमध्ये या दोन्ही वाटा गोत्यात आणतात. पहिलीत प्रश्नच नसतो आणि दुसरीत उत्तर आधीच ठरलेलं असतं.

म्हणून आज एकच चित्र घेऊ आणि त्याला एकच साधा प्रश्न विचारू. चित्र लढाईचं आहे. प्रश्न असा: यात मेलेले किती?

प्रश्न पोरकट वाटेल. पण मोजायला बसलात की कळेल, या एका आकड्याच्या मागे चित्रकार, चित्र करून घेणारा, सैन्याचे करार, एका मोठ्या लेखकाचा खोटेपणा आणि जमिनीतली हाडं असं सगळं प्रकरण उभं आहे.

चित्र कोणतं, लढाई कोणती

पाओलो उच्चेलो हा फ्लॉरेन्सचा चित्रकार. जन्म १३९७ च्या आसपास, मृत्यू १४७५ मध्ये. त्याने ‘सान रोमानोची लढाई’ या विषयावर तीन मोठ्या लाकडी फळ्या रंगवल्या. आज त्यातली एक लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, दुसरी फ्लॉरेन्सच्या उफित्सीत आणि तिसरी पॅरिसच्या लूव्रमध्ये. प्रत्येक फळी साधारण १८२ सेंटिमीटर उंच आणि ३२० सेंटिमीटरच्या आसपास रुंद आहे. म्हणजे उंची एका माणसाएवढी आणि रुंदी छोट्या खोलीच्या भिंतीएवढी. नॅशनल गॅलरी आपली फळी अंदाजे १४३८ ते १४४० या काळातली मानते.

लढाई झाली १ जून १४३२ रोजी. जागा आर्नो नदीच्या खोऱ्यात, फ्लॉरेन्स आणि पिसा यांच्या दरम्यान. फ्लॉरेन्सला लुक्का हे शेजारचं शहर जिंकायचं होतं. ते युद्ध १४२९ पासून चालू होतं आणि त्यात सिएना फ्लॉरेन्सच्या विरुद्ध उतरलं होतं. फ्लॉरेन्सच्या बाजूने निक्कोलो दा तोलेंतिनो लढत होता. तो अडचणीत आला तेव्हा मिकेलेत्तो दा कोतिन्योला आपली तुकडी घेऊन मदतीला आला. समोरच्या बाजूला बेर्नार्दिनो देल्ला चार्दा होता. हे तिघेही भाडोत्री सेनापती. शहराशी करार करायचा, ठरलेले घोडेस्वार आणि पायदळ आणायचं, पगार घ्यायचा, मुदत संपली की दुसरं गिऱ्हाईक बघायचं, असा हा धंदा होता. फ्लॉरेन्सच्या लेखी ही लढाई त्यांनी जिंकली. सिएनाच्या बखरकारांनी मात्र विजय आपलाच सांगितला. ही गोष्ट इथेच वहीत टिपून ठेवा, कारण आपण बघतोय ते चित्र फ्लॉरेन्सचं आहे.

पहिली पायरी: फक्त जे दिसतं ते लिहा

लंडनची फळी नॅशनल गॅलरीच्या वेबसाइटवर मोठी करून बघता येते. ती उघडा आणि पुढचं वाचा.

मधोमध पांढऱ्या घोड्यावर निक्कोलो बसलाय. त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण नाही, लाल-सोनेरी नक्षीची एक भलीमोठी टोपी आहे. भर लढाईत अशी टोपी घालून कोणी जात नाही. पण शिरस्त्राण घातलं असतं तर सेनापती ओळखायचा कसा? त्याच्यामागे एक सोनेरी केसांचा कोवळा पोरगा सेनापतीचं शिरस्त्राण सांभाळत चाललाय. त्याचंही डोकं उघडं आहे. भिडलेल्या स्वारांचे चेहरे मात्र बहुतेक लोखंडामागे आहेत. डावीकडे भाल्यांचं रान, वर फडकणारं निशाण. पुढे जमिनीवर मोडलेले भाले पडलेत, आणि ते कसेही पडलेले नाहीत. त्यातले बरेचसे अशा दिशेने आहेत की त्यांच्या रेषा चित्रात खोल जाऊन मिळतात. जमिनीवर कुणीतरी फरशीची चौकट आखून ठेवावी तसं वाटतं.

आता डावीकडे खाली बघा. एक माणूस पालथा पडलाय. नखशिखांत चिलखत, चेहरा दिसत नाही, रक्ताचा थेंब नाही. त्याचं शरीरसुद्धा त्याच रेषांच्या दिशेत आहे. पाय-धड-डोकं असं लांबीने न दिसता आखूड झालेलं दिसतं. आणि आजूबाजूच्या घोड्यांच्या मानाने तो फारच लहान आहे, जवळपास पोराएवढा.

झाली मोजणी. समोरच्या जमिनीवर पडलेला माणूस, एक.

मागच्या टेकडीवर शेतांचे तुकडे आहेत आणि त्यात चिमुकली माणसं धावतायत, काहींच्या हातात क्रॉसबो आहेत. म्हणजे पायदळ चित्रात आहे, पण ते दूर आणि बोटाच्या पेराएवढं. पुढची झुडपं फुलाफळांनी लगडलेली आहेत.

उफित्सीच्या फळीत बेर्नार्दिनोला भाल्याने घोड्यावरून उलथवलं जातंय. तिथे पडलेले घोडे डोळ्यांत भरतात, आणि मागे शेतात कुत्रे सशांच्या पाठी लागलेत. खाली जिवाचा खेळ आणि वर शिकार. लूव्रच्या फळीत मिकेलेत्तो काळ्या घोड्यावर आहे आणि त्याचे लोक लढाईत उतरण्याच्या बेतात आहेत.

या पायरीवर एकही विशेषण अर्थ लावण्यासाठी वापरायचं नाही. ‘करुण’, ‘निर्विकार’, ‘भव्य’ हे शब्द अजून कमवायचे आहेत.

दुसरी पायरी: वस्तू म्हणून चित्राचं काय झालं?

स्क्रीनवर ही फळी काहीशी काळवंडलेली दिसते. चिलखतं करडी, मळकट वाटतात. तेवढ्यावरून कुणीही लिहून जाईल की ‘चित्रकाराने युद्धाची उदासी धूसर रंगांत पकडली आहे’. वाक्य छान आहे, पण चूक आहे. उच्चेलोने चिलखतांवर चांदीचा वर्ख लावला होता. चांदी काळी पडते आणि वर्ख झिजतो. चित्र नवं होतं तेव्हा दिव्याच्या उजेडात ही चिलखतं लखलखत असणार. आज दिसणारी उदासी पाचशेहून अधिक वर्षांच्या हवेची आहे, उच्चेलोची नाही. चित्रावर वाक्य लिहिण्याआधी त्याच्या डागडुजीचा आणि रंगद्रव्यांचा अहवाल वाचायचा तो याचसाठी. संग्रहालयं असे अहवाल छापतात आणि त्यातले बरेच मोफत मिळतात.

दुसरी गोष्ट, हे चित्र कोणासाठी होतं? फार काळ सगळे धरून चालले होते की मेदिची घराण्याने ते करून घेतलं. कारणही तसंच होतं. लोरेन्झो दे मेदिची १४९२ मध्ये वारला, त्यानंतर त्याच्या वाड्यातल्या वस्तूंची यादी झाली आणि त्या यादीत ही चित्रं त्याच्या दालनात आहेत. पुरावा पक्का वाटतो ना? पण यादी एवढंच सांगते की १४९२ मध्ये चित्रं कुठे होती. ती तिथे कशी आली हे यादी सांगत नाही. पुढे फ्रान्चेस्को काल्योती या इटालियन अभ्यासकाने दप्तरातली कागदपत्रं काढून दाखवलं की चित्रं मुळात लिओनार्दो बार्तोलिनी सालिम्बेनी नावाच्या दुसऱ्याच गृहस्थाची होती. त्याच्या मुलांच्या काळात लोरेन्झोने ती आपल्याकडे ओढून घेतली. एका भावाने आपला वाटा विकला, दुसरा तयार नव्हता, तेव्हा सुतार पाठवून चित्रं उचलून नेली. मेदिचींची सत्ता गेल्यावर त्या दुसऱ्या भावाने दाद मागितली, आणि त्याची तक्रार कागदावर राहिली म्हणून आज आपल्याला हे कळतं. फळ्यांचे वरचे कोपरे नंतर जोडलेले आहेत. मूळ चित्रं कमानीच्या आकारात बसतील अशी होती, ती नव्या भिंतीसाठी चौकोनी केली गेली.

हा लिओनार्दो बार्तोलिनी कोण? लुक्काच्या युद्धाच्या काळात फ्लॉरेन्सच्या कारभारात वजन असलेला माणूस. म्हणजे ज्यांनी युद्ध चालवलं, पैसा उभा केला, सेनापती नेमले, त्यांच्यातला एक. आपल्या घरच्या भिंतीवर त्याला त्या युद्धाची आठवण हवी होती. मग त्याला त्या आठवणीत काय हवं असेल, आणि काय नको असेल? आता आपल्या मोजणीला जरा वजन येऊ लागतं.

तिसरी पायरी: ‘मेलेच नसतील’ ही शक्यता तपासा

इथे घाई करू नका. ‘धन्याला प्रेतं नको होती म्हणून चित्रात प्रेतं नाहीत’ हे एक स्पष्टीकरण झालं. दुसरं याहून साधं आहे: कदाचित फार माणसं मेलीच नसतील. आणि या दुसऱ्या स्पष्टीकरणाला एक वजनदार साक्षीदार आहे, तो म्हणजे मॅकियाव्हेली.

मॅकियाव्हेलीने फ्लॉरेन्सचा इतिहास लिहिला, १५२५ मध्ये पुरा केला. त्यात भाडोत्री सैन्यांच्या लढायांची तो यथेच्छ टिंगल करतो. १४४० च्या अंगियारीच्या लढाईबद्दल तो सांगतो की एवढ्या मोठ्या लढाईत एकच माणूस मेला, तोही घोड्यावरून पडून तुडवला गेल्याने. पुढे कित्येक पिढ्या हे वाक्य तसंच्या तसं उचललं गेलं आणि ‘इटलीतल्या भाडोत्री लढाया म्हणजे बिनरक्ताचा तमाशा’ असा समज पक्का झाला. आता उच्चेलोच्या फळीवर पडलेला एक माणूस बघितला की वाटतं, बरोबरच आहे. दोन साक्षी जुळल्या!

जुळल्या नाहीत. आधी विचारा, हा साक्षीदार असं का सांगतोय? मॅकियाव्हेलीचं सगळं म्हणणंच असं होतं की भाडोत्री सैन्य नालायक असतं आणि शहराने आपल्याच नागरिकांची फौज उभारावी. १५०६ च्या सुमारास फ्लॉरेन्सने अशी फौज उभारली, ती त्याच्याच पुढाकाराने. भाडोत्री लढाईत माणसं मरत नाहीत, हे त्याच्यासाठी निरीक्षण कमी आणि मुद्दा जास्त होता. शिवाय अंगियारीची लढाई झाली तेव्हा त्याचा जन्मही झाला नव्हता. त्या काळाच्या जवळच्या लेखनात मृतांचे आणि जखमींचे आकडे त्याच्या एकापेक्षा बरेच मोठे आहेत. मायकेल मॅलेट यांचं भाडोत्री सेनापतींवरचं पुस्तक १९७४ मध्ये आलं. या विषयात काम करायचं असेल तर सुरुवात तिथून करा. बिनरक्ताच्या लढायांची कथा का टिकत नाही, ते त्यातून समजतं.

पण त्या कथेत तथ्याचा एक कण आहे, आणि तो सोडून चालणार नाही. चांगल्या चिलखतातला स्वार शत्रूच्या हाती लागला तर त्याला मारण्यात फायदा नसे. त्याचा घोडा आणि हत्यारं काढून घ्यायची आणि त्याला सोडून द्यायचं, मोठा असेल तर खंडणी मागायची, अशी इटलीत रीत होती. आज समोर असलेला माणूस उद्या त्याच धन्याच्या नोकरीत आपल्याशेजारी असू शकतो, हेही दोघांना ठाऊक असे. त्यामुळे ‘मेलेले किती’ याआधी ‘कोण’ हा प्रश्न येतो. स्वार वाचण्याची शक्यता जास्त. साधं चिलखत किंवा तेवढंही नसलेला प्यादा, भालाईत, क्रॉसबोवाला, सामानाची जनावरं हाकणारा, यांना सोडून देण्यात कुणाचा काय फायदा?

आणि उच्चेलोच्या चित्रात हे लोक कुठे आहेत? मागच्या टेकडीवर, बोटाच्या पेराएवढे.

हिशेबाच्या वह्यांतही असंच दिसतं. सान रोमानोच्या आधीच्या शतकात फ्लॉरेन्स भाडोत्री स्वारांशी करार करी, तेव्हा घोड्यांची नोंद होई: रंग, खुणा, किंमत. नोकरीत असताना घोडा मेला तर भरपाई ठरलेली असे. म्हणजे चौदाव्या शतकातल्या एखाद्या घोड्याचा मृत्यू आज आपल्याला दप्तरात सापडू शकतो, कारण त्याचे पैसे कुणीतरी द्यायचे होते. प्याद्याच्या जिवाला अशी किंमत लावलेली नव्हती, त्यामुळे त्याचं मरण कागदावर यायला कारणच उरलं नाही. दप्तर आणि चित्र हे दोन वेगळे पुरावे आहेत असं आपण धरतो. पण दोन्ही एकाच प्रकारच्या लोकांनी, एकाच प्रकारच्या गरजेसाठी तयार केलेले असतील तर दोघांचं मौनही एकाच जागी असतं. व्हायव्हात हा प्रश्न कुणी विचारला तर उत्तर तयार हवं.

चौथी पायरी: ज्यांनी लिहिलं नाही त्यांच्याकडे जा

मग त्या जागी पोचायचं कसं? एक वाट जमिनीतून जाते. त्यासाठी आपल्याला इटलीतून बाहेर पडून दोन वेगळ्या लढायांकडे बघावं लागेल. ते का आणि कितपत चालतं, हे लगेच सांगतो.

पहिली लढाई स्वीडनच्या गोटलांड बेटावरची, विस्बी शहराबाहेरची. २७ जुलै १३६१. डेन्मार्कचा राजा वाल्देमार याच्या कसलेल्या सैन्यासमोर बेटावरचे शेतकरी उभे राहिले आणि तटाबाहेर कापले गेले. विसाव्या शतकात तिथले सामूहिक खड्डे उकरले गेले तेव्हा त्यात किमान ११८५ माणसांचे अवशेष मिळाले. काहींच्या अंगावर लोखंडी कड्यांची जाळीदार चिलखतं तशीच होती. एरवी इतकं मोलाचं लोखंड कोणी पुरत नाही. उन्हाळ्याचे दिवस होते, प्रेतं लवकर पुरणं भाग होतं, असं अभ्यासक म्हणतात. मेलेल्यांत पोरं होती, म्हातारे होते, हाडांचे जुने आजार असलेलेही होते. तलवारीचे खूप घाव पायांवर, गुडघ्याखाली आहेत. ढालीने धड झाकलं तरी पाय उघडे राहतात, हे त्यातून समजतं.

दुसरी इंग्लंडमधली, टाउटनची लढाई, २९ मार्च १४६१. म्हणजे उच्चेलोच्या हयातीतली. १९९६ मध्ये तिथे बांधकाम चालू असताना एक खड्डा सापडला. त्यात चाळिसाच्या आतबाहेर माणसं दाटीवाटीने पुरलेली होती. बहुतेक कवट्यांवर घाव होते, आणि एकेका कवटीवर अनेक. माणूस खाली पडल्यावर, प्रतिकार संपल्यावरही वार होत राहिले असावेत, असं त्या घावांची संख्या आणि जागा सुचवते. काहींच्या हाडांवर आधीच्या लढायांच्या भरून आलेल्या जखमाही होत्या. म्हणजे आधी एकदा वाचून, बरे होऊन, ते पुन्हा इथे आले होते.

आता सावध व्हा. विस्बी आणि टाउटनचे आकडे सान रोमानोला चिकटवायचे नाहीत. देश वेगळा, सैन्याची रचना वेगळी, कैद्यांना वागवण्याची रीत वेगळी. ‘टाउटनमध्ये असं झालं म्हणून सान रोमानोतही झालंच असेल’ हे वाक्य गाईडने लाल पेनाने खोडावं असंच आहे. दुसऱ्या ठिकाणचा पुरावा आपल्याला उत्तर देत नाही, प्रश्न देतो. या हाडांमुळे आपल्याला कळतं की त्या काळच्या हत्यारांनी शरीराचं काय होतं, वार कुठे बसतात, मेलेल्यांत कोणत्या वयाची माणसं असू शकतात. मग परत उच्चेलोकडे आलो की दिसतं, त्याच्या चित्रात हत्यारं सगळी आहेत, भाले, तलवारी, क्रॉसबो. पण ती शरीराचं जे करतात ते नाही. पडलेला माणूस अख्खा आहे. चिलखताला भोकसुद्धा नाही.

मग तो पडलेला माणूस काय सांगतो?

उच्चेलोला पर्स्पेक्टिव्हचं वेड होतं, असं वासारीने सोळाव्या शतकात चित्रकारांची चरित्रं लिहिताना सांगून ठेवलं आणि ते त्याला कायमचं चिकटलं. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी तुम्ही वाचाल की तो माणूस म्हणजे पर्स्पेक्टिव्हचा एक अवघड नमुना. चित्रकाराने आपली हुशारी दाखवली, बाकी काही नाही. याच्या उलट टोकाला काहीजण त्याच्यात युद्धाचा मूक निषेध वाचतात.

मला दोन्ही पटत नाहीत. निषेधाचा कोणताही पुरावा नाही. चित्र ज्याच्यासाठी केलं तो युद्ध चालवणाऱ्यांतला होता, हे आपण पाहिलं. पण ‘नुसता नमुना’ म्हणणंही पुरेसं नाही. भाले आणि प्रेत एकाच मापाने, एकाच दिशेने मांडलेत. मोडका भाला आणि मेलेला माणूस यांना चित्रात एकच काम आहे, जमिनीची खोली दाखवणं. चित्रकाराने मरण लपवलेलं नाही, त्याला मांडणीत बसवलंय. आणि ज्याच्या भिंतीवर ते टांगलं होतं त्याला त्यात काही खटकलं असेल असं वाटत नाही. इथे आपल्याला खरोखर काहीतरी मिळालं. ‘लढाईत किती मेले’ याचं उत्तर हे चित्र देत नाही. ‘फ्लॉरेन्सच्या कारभारी वर्गाला साध्या सैनिकाचं मरण कसं बघायची सवय होती’ याबद्दल मात्र ते बोलतं.

त्याच चित्रातल्या दुसऱ्या माणसाशी ताडून बघा. निक्कोलो १४३४ मध्ये मिलानच्या सैन्याच्या हाती सापडला आणि १४३५ मध्ये कैदेत असतानाच वारला. फ्लॉरेन्सने त्याला मानाने निरोप दिला. १४५६ मध्ये आंद्रेआ देल कास्तान्योने शहराच्या मुख्य चर्चच्या भिंतीवर घोड्यावर बसलेला निक्कोलो रंगवला, आजही तो तिथे आहे. म्हणजे युद्धात जाणाऱ्या जिवाची आठवण ठेवण्याची पद्धत त्या शहरात होती. ती कोणासाठी होती, एवढाच प्रश्न.

‘त्या काळी चित्रं अशीच असायची’ हे उत्तर कुणी दिलं तर त्यालाही थांबवता येतं. याच शहराने १५०३ मध्ये लिओनार्दो दा विंचीला अंगियारीची लढाई रंगवायचं काम दिलं. ते पुरं झालं नाही, मूळही उरलं नाही. पण नकलांवरून कळतं की त्यात एका निशाणासाठी माणसं आणि घोडे दात विचकून एकमेकांना भिडलेत. लढाई कशी रंगवावी याबद्दल लिओनार्दोने आपल्या वहीत लिहून ठेवलंय, त्यात धूळ आहे, धूर आहे, रक्ताचा चिखल आहे, हरलेल्यांचे चेहरे आहेत. मधे साठेक वर्षं गेली होती, हे खरं. तरीही लढाईला चेहरा देता येतो, हे त्याच शहरात दिसून आलं. न देणं हीसुद्धा एक निवड असते, आणि निवडीला कारण विचारता येतं.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

आता हे सगळं कामाला लावा. कोणतंही युद्धचित्र घ्या आणि वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात फक्त दिसतं ते. दुसऱ्यात त्यावरून मी काय म्हणू शकतो. तिसऱ्यात ते म्हणायला मला बाहेरून काय लागेल. लंडनच्या फळीसाठी पहिली ओळ अशी होईल: दिसतं ते, एक पालथं प्रेत, मोडक्या भाल्यांच्या दिशेत. म्हणू शकतो ते, मरण मांडणीचा भाग म्हणून दाखवलंय. बाहेरून लागेल ते, चित्र कोणी करून घेतलं याची कागदपत्रं आणि त्याच काळातल्या दुसऱ्या लढाईच्या चित्रांत प्रेतं कुठे आणि कशी ठेवलीत याची तुलना.

दुसरा रकाना पहिल्यापेक्षा लांब झाला तर समजा, आपण हवेत बोलतोय. तिसरा रकाना रिकामा राहिला तर समजा, अजून संशोधनाचा प्रश्न तयार नाही, नुसतं मत तयार आहे.

आणि प्रश्न लिहिताना ‘मध्ययुगीन चित्रांतील युद्धाचे चित्रण: एक अभ्यास’ असं शीर्षक देऊ नका. त्यात शोधण्यासारखं काहीच नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘१४३० ते १५१० या काळात फ्लॉरेन्समध्ये केलेल्या युद्धचित्रांत पायदळाचे मृत्यू कुठे आणि कसे दाखवले आहेत, आणि चित्र करून घेणाऱ्यांचा त्या युद्धाशी काय संबंध होता?’ याला सीमा आहे, मोजता येईल असं काहीतरी आहे, आणि उत्तर चुकूही शकतं. चुकू शकेल असाच प्रश्न तीन-चार वर्षं सांभाळण्याच्या लायकीचा असतो.

मोजायला सुरुवात त्या डावीकडच्या खालच्या कोपऱ्यातून करा. त्या माणसाचं नाव चित्रातून मिळणार नाही, पण प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात त्याची एक ओळ नक्की लिहिता येईल: जमिनीवर एक, चेहरा झाकलेला, टेकडीवर बरेच, मोजता येतील इतके मोठे काढलेले नाहीत.